नळाची परीक्षा

महाभारतांतील नलोपाख्यान आपल्या घरांतील लहानथोरांस ठाऊक आहे. दमयंतीच्या स्वयंवराच्या वेळीं लोकपालांनीं प्रसन्न होऊन नळराजास जे वर दिले, त्यांत एक अग्नीचा होता व एक वरुणाचा. राजानें इच्छा करावी आणि तेथें अग्नि प्रकट व्हावा. राजानें इच्छा करावी आणि तेथें जल उपस्थित व्हावें. पुढें बाहुकाच्या वेषांत स्वयंपाक करणारा नळ दमयंतीस ओळखूं आला, तोही या वरांच्या खुणेवरूनच. संस्कृतांत नल म्हणजे बोरूसारखें पोकळ कांडें. नलिका, नाली आणि आपल्या भिंतींतला नळ हे सर्व शब्द त्याच कुळांतले. या दुसऱ्या नळाकडूनही आज आपण अग्नि आणि वरुण या दोघांचें काम घेतों. पौषांतल्या सकाळीं चावी फिरवितांच ऊन पाणी यावें, आणि वैशाखांतल्या दुपारीं खोली शीतळ व्हावी, ही आपली अपेक्षा असते. फरक इतकाच, कीं राजास वर मिळाले होते; आपल्या नळाची पात्रता मात्र आपणांसच पारखून घ्यावी लागते.

ती आपण क्वचितच पारखतों. घर बांधणारा किंवा जुनें घर दुरुस्त करणारा गृहस्थ फरशीचा रंग ठरविण्यास पंधरा दिवस घेतो. भिंतीच्या रंगाविषयीं घरांतील सर्व स्त्रीपुरुषांचीं मतें विचारतो. आणि त्या भिंतीच्या पोटांत कोणत्या जातीचा नळ जाणार, हा प्रश्न मात्र कारागिरावर सोंपवून मोकळा होतो. याचें कारण उघड आहे. नळ एकदां झांकला गेला, कीं तो पाहुण्यांस दिसत नाहीं. झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण नळांच्या बाबतींत अगदीं उलटी पडते. भिंतीआडचा नळ पांचसात वर्षांनीं पाझरूं लागला, म्हणजे त्याची खरी किंमत कळते. कारण तेव्हां नुसता नळ बदलून भागत नाहीं, त्याबरोबर फरशी, गिलावा आणि रंगही पुनः विकत घ्यावे लागतात.

नळाच्या द्रव्याविषयींचा विचार फार जुना आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांत रोमन शिल्पज्ञ विट्रुव्हियस यानें आपल्या वास्तुशास्त्रावरील ग्रंथांत शिशाचे नळ आणि भाजलेल्या मातीचे नळ यांची तुलना केली आहे. मातीच्या नळांतून येणारें पाणी आरोग्यास अधिक हितकर, असें त्याचें मत होतें. शिसें ओतणाऱ्या कामगारांचे निस्तेज चेहरे हा त्याचा पुरावा होता. पण मातीच्या नळाचा आणखी एक गुण त्यानें सांगितला आहे, तो आपण विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. मातीच्या नळांत कांहीं बिघाड झाला, तर तो कोणासही दुरुस्त करतां येतो! दोन हजार वर्षांपूर्वीचा हा शेरा आजच्या बांधकामासही पुरेपूर लागू आहे.

थंड पाणी वाहून नेणाऱ्या नळाकडून दोनच अपेक्षा असतात. त्यानें गळूं नये आणि पाणी बिघडवूं नये. परंतु ऊन किंवा अतिशय थंड पाणी वाहूं लागलें, कीं परीक्षा कठीण होते. अशा वेळीं चार प्रश्न विचारावेत. पाणी किती तापणार? नळ किती वाढणार? त्याच्या शेजारीं कोण? आणि कांहीं झाल्यास तेथें हात पोंचणार काय? या चार प्रश्नांचीं उत्तरें न घेतां ‘तांब्याचा नळ चांगला कीं प्लास्टिकचा?’ असें विचारणें म्हणजे रोगी न पाहतां औषध विचारण्यासारखें आहे.

पहिला प्रश्न उष्णतेचा. आपल्याकडे गच्चीवरून खालीं येणारा जो पांढरा वा करडा नळ सर्वत्र दिसतो, तो पुष्कळ ठिकाणीं पी. व्ही. सी. या द्रव्याचा असतो. थंड पाण्यास तो उत्तम. पण साधारणतः ४५ अंश सेल्सिअसच्या पलीकडील पाणी त्याच्यांतून नेऊं नये. तो मऊ पडतो व त्याची दाब सोसण्याची शक्ति झपाट्यानें उतरते. याच द्रव्यांत क्लोरिनचें प्रमाण वाढवून केलेला सी. पी. व्ही. सी. हा नळ ऊन पाण्यासाठीं असतो. त्याच्यासाठीं भारतीय मानक संस्थेचें १५७७८ या क्रमांकाचें मानक आहे. तो ९३ अंशांपर्यंत चालतो, असें विक्रेते सांगतात आणि तें खरेंही आहे. मात्र तेवढ्यावर समाधान मानूं नये. उष्णता वाढली, कीं प्लास्टिकच्या नळाची दाब सोसण्याची शक्ति घटते. ८२ अंशांवर सी. पी. व्ही. सी.चा नळ थंड स्थितींतील दाबाच्या सुमारें चतुर्थांशच दाब निर्धास्तपणें सोसतो. म्हणून नुसतें उष्णतामान न विचारतां, त्या उष्णतामानास दाब किती, असें विचारावें.

सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविणारीं यंत्रें पुण्यासारख्या शहरांत गच्चीगच्चीवर दिसतात. त्यांच्या बाबतींत एक गोष्ट विसरली जाते. रोज पाणी वापरलें जातें, तोंवर टाकींतील पाणी साठसत्तर अंशांच्या आसपास राहील. पण मे महिन्याच्या सुटींत सर्व बिऱ्हाड गांवीं जातें, घर बंद असतें, ऊन मात्र सुटीवर जात नाहीं! अशा वेळीं टाकींतील पाणी उकळीच्या जवळ जाऊं शकतें. यासाठीं टाकीस लागून असलेला पहिला कांहीं मीटरांचा नळ धातूचा ठेवावा, आणि वाफ बाहेर जाण्याची उघडी नळी कधींही बंद करूं नये. उन्हाचा दुसराही एक उपद्रव आहे. सूर्यप्रकाशानें बहुतेक प्लास्टिकचे नळ वर्षानुवर्षें ठिसूळ होत जातात. म्हणून गच्चीवरच्या उघड्या नळास वेष्टन किंवा पाण्यांत कालविण्याचा पांढरा रंग अवश्य द्यावा.

दुसरा प्रश्न नळाच्या वाढीचा. तापल्यावर पदार्थ प्रसरण पावतो, हें आपण शाळेंत शिकतों आणि घर बांधतांना विसरतों. दहा मीटर लांबीचा नळ ४० अंशांनीं तापला, असें समजा. पोलादाचा नळ सुमारें ५ मिलिमीटर वाढेल, तांब्याचा ७, आंत अॅल्युमिनियमचा पातळ थर असलेला संयुक्त प्लास्टिकचा सुमारें १०, सी. पी. व्ही. सी.चा २५ च्या आसपास. आणि उष्णतेनें वितळवून जोडतात, तो साधा पॉलिप्रॉपिलीनचा नळ तर सुमारें ६० मिलिमीटर, म्हणजे बोटभर वाढेल. ही वाढ थोपवितां येत नाहीं. तिला वाट द्यावी लागते. वाट न दिल्यास नळ धनुष्यासारखा वांकतो, नाहींतर सारा ताण सांध्यावर टाकतो. यासाठींच लांब नळास मधूनमधून वळसा देतात आणि त्याचीं कडीं घट्ट आंवळीत नाहींत. कारागीर नळ सरळ न नेतां मुद्दाम वळवून नेत असेल, तर तो साहित्य वायां घालवीत आहे, असा ग्रह करून घेऊं नये. तो आपलें काम जाणतो.

तिसरा प्रश्न शेजाऱ्याचा; आणि माझ्या मतें चारांमध्यें हाच अधिक दुर्लक्षित आहे. ढवळ्याशेजारीं बांधला पोवळा, वाण नाहीं पण गुण लागला, ही म्हण धातूंस तंतोतंत लागू पडते. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ आणि तांब्याचा नळ हे दोघेही स्वतंत्रपणें भले; परंतु पाण्याच्या सान्निध्यांत ते एकमेकांस थेट जोडले, म्हणजे त्यांच्यामध्यें सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होतो आणि जस्त व लोखंड झिजूं लागतात. याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे ते एकमेकांस शिवत नसले, तरी उपद्रव होतो. पाणी आधीं तांब्यांतून जाऊन मग जस्ताच्या नळांत गेलें, तर त्यांत विरघळलेले तांब्याचे सूक्ष्म कण पुढील नळांत बसतात आणि तेथें खड्डे पाडतात. म्हणून जाणते लोक नियम सांगतात, कीं पाण्याच्या वाटेंत जस्ताचा नळ आधीं व तांब्याचा मागाहून असावा, आणि दोहोंच्या मध्यें विद्युत्प्रवाह तोडणारा सांधा बसवावा. शिवाय जस्ताची राखणही सर्वकाळ टिकत नाहीं. कांहीं प्रकारच्या पाण्यांत साठ अंशांच्या वर जस्त आपला स्वभाव बदलतें; लोखंडाचें रक्षण करण्याऐवजीं त्यालाच झिजवूं लागतें. जुन्या घरांतील ऊन पाण्याचे जस्ती नळ थंड पाण्याच्या नळांच्या आधीं निकामी होतात, त्याचें हें एक कारण आहे. दुसरें कारण विहिरीच्या जड पाण्याचें. तें तापलें म्हणजे त्यांतील चुन्याचे क्षार नळाच्या आंतल्या बाजूस थर धरतात आणि नळाचा पोकळ भाग वर्षानुवर्षें अरुंद होत जातो.

शेजारदोषाचें याहून बोधप्रद उदाहरण जर्मनींतलें आहे. थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठीं तेंच तें पाणी तापवून नळांतून फिरवीत ठेवतात. अशा बंद वर्तुळांतील पाण्यांत जो थोडा प्राणवायु असतो, तो प्रारंभींच लोखंडाशीं संयोग पावून संपून जातो. पुढें गंजण्यास वायूच उरत नाहीं. त्यामुळें लोखंडाची भट्टी आणि लोखंडाचे तापक त्याच पाण्यांत पुष्कळ वर्षें टिकतात. १९७० नंतरच्या काळांत जमिनीखालून उष्णता देण्यासाठीं प्लास्टिकच्या नळांचा प्रसार झाला. हे नळ गंजत नाहींत, स्वस्त पडतात व सांध्यावांचून लांबच लांब घालतां येतात. पण त्यांच्या भिंतींतून हवेतील प्राणवायु अतिशय मंद गतीनें कां होईना, पाण्यांत शिरतो, ही गोष्ट अनुभवानें कळून आली. नळास कांहींच झालें नाहीं. गंजली ती लोखंडी भट्टी, आणि गंजाच्या गाळानें नळ तुंबले. पुढें नळावर प्राणवायूस अडविणारा पातळ थर देण्याची रीति निघाली. जर्मन मानकांत त्याची मर्यादा बांधून दिलेली आहे. ४० अंशांच्या पाण्यास दर घनमीटरामागें दिवसाला ०.१ ग्रॅमहून अधिक प्राणवायु आंत जाऊं नये. अपराधी निर्दोष राहावा आणि शिक्षा शेजाऱ्यास व्हावी, असा हा प्रकार होता.

पाण्यांत जें मिसळलेलें असतें, तेंही शेजारीच समजावें. अमेरिकेंत सुमारें १९७८ पासून १९९५ पर्यंत पॉलिब्युटिलीन या प्लास्टिकचे नळ लाखो घरांत घातले गेले. स्वस्त, लवचीक आणि घालण्यास सोपे, म्हणून त्यांची फार वाहवा झाली. पण नगरपालिकेच्या पाण्यांत जंतुनाशनासाठीं मिसळलेल्या क्लोरिननें ते नळ आणि विशेषतः त्यांचे प्लास्टिकचे सांधे आंतून ठिसूळ होऊं लागले. न्यायालयांत दावे झाले, आणि १९९५ मध्यें सुमारें ९५ कोटी डॉलरांची तडजोड होऊन त्यांचा तेथील वापर थांबला. युरोपांत मात्र याच जातीचे नळ आजही वापरांत आहेत. यावरून काय निष्पन्न होतें? द्रव्याचें केवळ नांव घेऊन त्यास सरसकट चांगलें वा वाईट म्हणणें व्यर्थ आहे. सांधा कसला, पाणी कसलें, हें कळल्यावांचून निकाल देऊं नये.

आतां थंडाव्याकडे वळूं. मोठ्या इमारतींत एका ठिकाणीं पाणी सहासात अंशांपर्यंत थंड करून तें पोलादी नळांनीं सर्व मजल्यांवर फिरवितात. येथें भय आहे तें घामाचें. हवा ३० अंशांची असून तिच्यांत ८० टक्के दमटपणा असेल, तर २६ अंशांहून थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर दंव धरतें. मुंबईच्या पावसाळ्यांत हें रोजचेंच आहे. नळाभोंवतीं वेष्टन असतें तें थंडपणा राखण्यासाठीं, इतकेंच आपण समजतों. परंतु त्याचें तितकेंच महत्त्वाचें काम बाहेरची दमट हवा नळापर्यंत पोंचूं न देणें हें आहे. वेष्टनास एक चीर पडली, कीं दमट हवा आंत शिरते, पाणी होतें, आणि वरून कोरडा दिसणारा पोलादी नळ आंतल्या आंत गंजत राहतो. म्हणून थंड पाण्याच्या नळाची परीक्षा करतांना नळाइतकेंच वेष्टनाचे सांधे पाहावेत.

घरगुती वातानुकूलन यंत्रांत पाणी नसतें. तांब्याच्या बारीक नळ्यांतून शीतक द्रव्य फिरतें. तांबें उष्णता लवकर देतें-घेतें, सहज वांकतें आणि त्याचा सांधा भक्कम होतो, म्हणून त्याची निवड झाली. पण येथेंही शेजारी पाहावाच लागतो. बर्फाच्या कारखान्यांत आणि शीतगृहांत अमोनिया वापरतात. तेथें तांबें चालत नाहीं, कारण दमट अमोनिया त्यास खातो. म्हणून तेथें पोलाद. घरच्या यंत्रांतील शीतकही बदलत आलें आहे. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनच्या थरास अपाय करणारीं द्रव्यें क्रमाक्रमानें मागें पडलीं. पूर्वींच्या आर-२२ पेक्षां नंतरच्या आर-४१०ए चा दाब सुमारें ६० टक्क्यांनीं अधिक असतो. यास्तव नवें यंत्र घेतांना भिंतींतली जुनी नळी तशीच वापरण्याचा सल्ला कोणी दिला, तर तिची जाडी नव्या दाबास पुरेल काय, हें विचारल्यावांचून मान डोलावूं नये. तांब्यास आणखी एक चमत्कारिक रोग होतो. दमट हवेंत कांहीं सेंद्रिय आम्लांचे अंश असले, तर नळीच्या भिंतींत मुंग्यांच्या वारुळासारखीं वांकडींतिकडीं सूक्ष्म भुयारें पडतात आणि डोळ्यांस कांहींच न दिसतां शीतक निघून जातें.

शेवटला प्रश्न, हात पोंचण्याचा. त्याचें मोल अमेरिकेंतील लेव्हिटटाउनच्या गृहस्थांस पुरेपूर कळलें. दुसऱ्या महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठीं १९४७ ते १९५१ या काळांत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर सतरा हजारांहून अधिक घरें बांधलीं गेलीं. खर्च वांचविण्यासाठीं तळघर गाळलें, जमिनीवर काँक्रीटची लादी ओतली आणि तिच्यांतच ऊन पाण्याच्या तांब्याच्या नळ्या पुरल्या. लहान मुलांना उबदार जमिनीवर खेळतां येई, घरांत तापकाची अडगळ नसे. त्या काळीं ही मोठीच सोय वाटली. कल्पना नवी नव्हती. प्रसिद्ध वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यानें १९३७ मध्यें मॅडिसन येथील जेकब्स यांच्या घरांत जमिनीखालून लोखंडी नळ घालून असाच प्रयोग केला होता. परंतु काँक्रीट थोडें खचतें, त्यास बारीक तडे जातात, आणि त्यांत गच्च धरलेल्या नळीस हलावयास जागा नसते. कांहीं वर्षांनीं अनेक घरांत नळ्या गळूं लागल्या. गळती कोठें आहे, हें शोधण्यासाठीं जमीन फोडावी लागे. तेव्हां कित्येकांनीं त्या नळ्या तशाच सोडून देऊन भिंतींच्या कडेनें नवे तापक बसविले. दोष तांब्याचा नव्हता. दुरुस्तीस वाट न ठेवण्याचा होता. विट्रुव्हियसचा शेरा येथें आठवतो.

मग आपल्या घरांत काय करावें? थंड पाण्यास साधा पी. व्ही. सी.; ऊन पाण्यास सी. पी. व्ही. सी. किंवा संयुक्त नळ. तापविणाऱ्या टाकीजवळ धातु. थंडयंत्रास योग्य जाडीचें तांबें. ही सर्वसाधारण मांडणी बहुतेक घरांस पुरते. नळ प्लास्टिकचा घेतल्यास जोडण्याचा लेपही त्याच जातीच्या नळासाठीं केलेला असावा, आणि तो सुकण्यास सांगितलेला वेळ द्यावा. नळाच्या जाडीचाही विचार करावा. गच्चीपासून स्नानगृहापर्यंत वीस मीटर अंतर असलें, तर २५ मिलिमीटर पोकळीच्या नळांत जवळजवळ १० लिटर गार पाणी सांठून राहतें. १५ मिलिमीटरच्या नळांत साडेतीन लिटरच. मोठ्या कुटुंबांत सकाळीं ऊन पाण्याची वाट पाहत किती बादल्या मोरींत जातात, हें घरांतील गृहिणीस विचारावें! एका वेळीं एकाच स्नानगृहास पाणी द्यावयाचें असेल व वरचा दाब पुरेसा असेल, तर बारीक नळ घेऊन त्यास वेष्टन द्यावें. पैसा, पाणी व इंधन तिन्ही वांचतील.

आणि भिंत बुजविण्यापूर्वीं दोन गोष्टी स्वतः उभें राहून करून घ्याव्यात. नळांत पाणी भरून नेहमींच्या दाबाच्या दीडपट दाब कांहीं तास ठेवून पाहावा. गळती असेल, ती त्या वेळीं विटेवर दिसते, नंतर फरशीखालीं दिसत नाहीं. दुसरें, उघड्या भिंतीचीं छायाचित्रें काढून, कोणता नळ जमिनीपासून किती उंचीवरून गेला आहे, याचा नकाशा कागदावर मांडून तो घराच्या दस्तऐवजांत ठेवावा. शक्य तेथें सांधे भिंतीच्या पोटांत न ठेवतां झांकणीच्या आड ठेवावेत.

एकत्र कुटुंबांत घर एका पिढीसाठीं बांधलें जात नाहीं. आजचा कर्ता पुरुष आपल्या मिळकतीचा मोठा भाग, बहुधा कर्ज काढून, त्यांत घालतो. आणि पंचवीस वर्षांनीं भिंतीवर ओल दिसेल, तेव्हां ती फोडण्याचा प्रसंग त्याच्या मुलावर अगर सुनेवर येणार असतो. त्यांनीं दस्तऐवजांची पेटी उघडावी, नकाशा काढावा आणि नेमकी एकच फरशी उचलावी, एवढी तजवीज आज अर्ध्या दिवसाच्या कष्टांत होते. नळास पात्रता देव देत नाहींत. ती निवडणाऱ्याच्या चार प्रश्नांतून येते. ते प्रश्न भिंत उघडी असतां विचारावेत.